मृतांचा सण नेमका कोणाचा? मेक्सिकोतील मूलनिवासी गावांतील रीतींविषयी

पाऊलवाट (धागाकर्ती)

ऑक्टोबर सरत आला की मेक्सिकोतील ‘दिआ दे मुएर्तोस’ची, म्हणजे मृतांच्या दिवसाची, छायाचित्रे सगळीकडे फिरू लागतात. रंगवलेल्या कवट्या, सांगाड्याचा मुखवटा घातलेल्या तरुणी, राजधानीतील मिरवणूक, आणि त्याखाली ठरलेले वाक्य की हे लोक मृत्यूला हसतात. नोकरीनिमित्त ग्वादालाहारा येथे राहत असल्यामुळे आणि या दिवसांत शेजारच्या मिचोआकान राज्यातील पुरेपेचा लोकांच्या गावांत जाणे होत असल्यामुळे मला या वर्णनाविषयी काही सांगावेसे वाटते. त्या गावांत मला हसणारी कवटी क्वचितच दिसली. दिसले ते काम, देणेघेणे, आणि कोणाच्या घरी काय घेऊन जायचे याचा चोख हिशोब.

आधी थोडी माहिती. हे दिवस मुख्यतः १ आणि २ नोव्हेंबरचे आहेत. साधारणपणे लहानपणी गेलेल्या मुलांचे आत्मे आधी येतात आणि मोठ्यांचे नंतर, असे मानतात. अनेक गावांत अपघाताने किंवा हिंसेने गेलेल्यांसाठी २८ ऑक्टोबरलाच दिवा लावला जातो. युनेस्कोने २००३ साली या सणाचा गौरव केला आणि २००८ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत त्याचा समावेश झाला. त्या नोंदीचे नावच ‘मृतांना वाहिलेला मूलनिवासींचा उत्सव’ असे आहे, आणि मक्याच्या वार्षिक पीकचक्राचा शेवट होतो तेव्हा हा सण येतो, हे तिच्यात ठळकपणे सांगितले आहे. मृतांचे आदरातिथ्य नीट झाले तर घराला बरकत येते, मका भरभरून येतो. हेळसांड झाली तर आजारपण, अपघात, पैशाची ओढाताण मागे लागते, अशी श्रद्धाही तिथे नमूद आहे. थट्टेचा संबंध यात कुठे बसतो, हे मला कळलेले नाही.

पात्स्क्वारो सरोवराच्या काठावर सांता फे दे ला लागुना नावाचे कुंभारांचे गाव आहे. ज्या घरातील माणूस त्या वर्षभरात गेले असेल, त्या घराचे दार १ नोव्हेंबरला सर्वांसाठी उघडे असते. आतल्या खोलीत झेंडूची आणि याच ऋतूत रानात फुलणाऱ्या जांभळ्या ऑर्किडची कमान उभी करतात, तिला केळी, संत्री, पाव आणि साखरेच्या आकृत्या टांगतात, आणि खाली त्या माणसाचे कपडे, छायाचित्र व आवडीचे पदार्थ मांडतात. हीच त्याची वेदी. मी एका घरी गेले तेव्हा माझ्या पुढे एक वयस्क बाई फळांची टोपली घेऊन आत शिरल्या. घरच्या सुनेने ती टोपली वेदीपाशी नेऊन रिकामी केली, मग परसात चुलीवरच्या भल्यामोठ्या पातेल्यातून मक्याच्या सालीत गुंडाळलेले, मक्याच्याच पिठाचे वाफाळते तामाल काढून तिच्यात भरले आणि टोपली परत बाईंच्या हातात दिली. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, हा आपल्या घरांतला नियम मला तिथे आठवला. त्या परसात सकाळपासून आठ-दहा बायका राबत होत्या आणि त्यांतील निम्म्या तरी त्या घरच्या नव्हत्या.

माझे म्हणणे इतकेच आहे की हा सण मृतांसाठी असला तरी तो उभा राहतो जिवंत माणसांच्या एकमेकांवरील देण्यावर. जाणकारांनी आपले अनुभव व मतभेद अवश्य लिहावेत.

बाभूळबन

लेख आवडला. वाचताना पितृपक्ष आठवणे अपरिहार्य आहे. अपघाताने गेलेल्यांसाठी वेगळा दिवस, हे तर थेट आपल्या घातचतुर्दशीसारखे झाले. वर्षभरात गेलेल्यांना वेगळा मान, हेही ओळखीचे वाटते. दोन्हींत काही नाते असेल का?

पाऊलवाट

ऐतिहासिक नाते असण्याचे कारण दिसत नाही; मेलेल्या माणसाला जेवू घालावे असे जगात अनेकांना वाटले आहे, एवढेच. फरक मात्र मोठे आहेत. आपल्याकडे पान वाढून बोलावले जाते ते मुख्यतः तीन पिढ्यांच्या पितरांना, आणि विधी सांगायला गुरुजी लागतात. तिथे तान्हे बाळ, अविवाहित मावशी, शेजारी, सर्वांना जागा असते. गेलेल्या माणसाला मेस्काल ही तिथली दारू किंवा सिगारेट आवडत असेल तर तीही वेदीवर ठेवतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

वसईकर_जुना

मी वसईचा ख्रिस्ती आहे, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. २ नोव्हेंबर हा आमच्याकडेही मृतांच्या स्मरणाचा दिवस आहे. आधीचे काही दिवस घरोघरचे लोक दफनभूमीत जाऊन कबरी साफ करतात, फुले वाहतात, त्या संध्याकाळी मेणबत्त्या लावतात, आणि धर्मगुरू प्रार्थना म्हणून कबरींना आशीर्वाद देतात. वसईत आणि गोव्यात ही रीत पोर्तुगीजांबरोबर आली, मेक्सिकोत ती स्पॅनिश मिशनऱ्यांबरोबर गेली. तारीख एकच आहे कारण पंचांग एकच आहे. त्यामुळे या सणाला ‘प्राचीन अॅझ्टेक सण’ म्हणतात तेव्हा मला थोडे आश्चर्य वाटते. आमच्याकडे कबरीवर जेवण नेत नाहीत, हे मात्र खरे, आणि मला वाटते खरा प्रश्न तिथेच आहे.

चिकित्सक_अण्णा

वसईकरांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवले आहे. यावर मेक्सिकोत इतिहासकारांचा जुना वाद आहे.

एका बाजूला सोळाव्या शतकातील दिएगो दुरान या डॉमिनिकन धर्मगुरूची साक्ष आहे. अॅझ्टेकांच्या अठरा महिन्यांच्या पंचांगात मृत बालकांचा एक आणि मृत प्रौढांचा एक, असे दोन लागोपाठचे सण होते आणि ते साधारण आपल्या जुलै-ऑगस्टच्या सुमारास पडत. दुरानने पाहिले की स्थानिक लोक सर्व संतांच्या दिवशी, म्हणजे १ नोव्हेंबरला, मुलांसाठी आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांसाठी नैवेद्य ठेवतात, आणि त्याने संशय व्यक्त केला की हा जुनाच सण नव्या तारखांच्या आडोशाला आणून ठेवलेला आहे. मुले आधी व मोठे नंतर, ही विभागणी चर्चच्या शिकवणीतून आलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसऱ्या बाजूला एल्सा मालविदो यांच्यासारख्या इतिहासकार आहेत, ज्यांनी मेक्सिकोच्याच राष्ट्रीय मानवशास्त्र व इतिहास संस्थेत काम करताना ठामपणे मांडले की या सणाचे बहुतेक घटक युरोपीय कॅथलिक आहेत, आत्म्यांसाठी पाव नेण्याची चाल स्पेनमध्येही होती, आणि त्याला स्पॅनिश लोक येण्यापूर्वीचा ठरविण्याचे काम विसाव्या शतकातील राष्ट्रवादी बुद्धिवंतांनी केले. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोला आपली अशी ओळख हवी होती आणि मृत्यूशी सलगी ही ओळख सोयीची ठरली.

कवट्यांविषयी तर शंकाच नको. टोपी घातलेली ती प्रसिद्ध सांगाडा-स्त्री होसे ग्वादालुपे पोसादा या खोदचित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी काढली. तो १९१३ साली वारला. आपले मूलनिवासी रक्त लपवून युरोपीय बायकांची नक्कल करणाऱ्यांवर ते व्यंग होते. पुढे दिएगो रिव्हेरा याने १९४७ साली पूर्ण केलेल्या भित्तिचित्रात तिला अंगभर पोशाख चढविला आणि ती साऱ्या देशाची झाली. मूळ लपविणाऱ्यांची टर उडविणारे चित्र आज मूलनिवासी परंपरेचे चिन्ह म्हणून विकले जाते, हा विनोद पोसादाला आवडला असता. राजधानीतील भव्य मिरवणुकीचे तर वयही फार नाही. २०१५ साली आलेल्या एका जेम्स बाँडपटाच्या आरंभी तशी काल्पनिक मिरवणूक दाखविली होती, आणि २०१६ पासून ती खरोखर निघू लागली.

पाऊलवाट

अण्णा, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. कवट्या आणि मिरवणुकीविषयी आपल्याशी पूर्ण सहमत. पण मालविदो यांचे सगळे म्हणणे मान्य केले तरी गावातल्या रीतीचे मूलनिवासीपण कमी होते, असे मला वाटत नाही. तारीख कॅथलिक असेल, मेणबत्ती कॅथलिक असेल. त्या तारखेला काय केले जाते आणि कशासाठी, हे पाहावे लागेल.

गेरेरो राज्यात बाल्सास नदीच्या वरच्या खोऱ्यातील नाहुआ लोकांमध्ये कॅथरीन गुड या मानवशास्त्रज्ञ बाईंनी दीर्घकाळ काम केले आहे. त्यांच्या मांडणीनुसार तिथे माणूस मेल्यावरही गावाचा सदस्यच राहतो आणि कामही करीत राहतो. पाऊस आणणे, पीक वाढविणे ही मृतांची कामे होत. जिवंतांनी राबून अन्न करावे व मृतांना द्यावे, मृतांनी आपल्या बाजूने मका पिकू द्यावा. स्वर्गात जाण्याआधी पापांची शुद्धी होते त्या शुद्धिलोकातल्या आत्म्याची सुटका व्हावी म्हणून प्रार्थना करणे, ही चर्चची कल्पना आहे. तिथे आत्म्याला सोडवायचे नसून दरवर्षी परत बोलवायचे असते, आणि त्याच्याशी व्यवहार चालू ठेवायचा असतो. वसईकरांनी विचारलेल्या जेवणाच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या देवाणघेवाणीत आहे.

चियापास राज्यात चामुला भागातील रोमेरिल्यो येथे त्सोत्सिल माया लोकांची दफनभूमी आहे. टेकडीवर घराहून उंच निळे-हिरवे लाकडी क्रूस ओळीने उभे आहेत आणि मातीच्या उंचवट्यांवर लाकडी फळ्या ठेवलेल्या असतात. सणाच्या दिवशी त्या फळ्या बाजूला करतात, माती मोकळी करतात, वर पाइनच्या हिरव्या सुया पसरतात, आणि मग गाणे-वाजवणे व जेवण तिथेच होते. फळी म्हणजे त्या घराचे दार, असे समजले जाते. क्रूस आहे म्हणून याला निव्वळ कॅथलिक म्हणायचे का?

केतकी_मेरिदा

मी युकातान राज्यातील मेरिदा येथे संसार करते. सासर माया वंशाचे आहे. आमच्याकडे या सणाला हानाल पिशान म्हणतात आणि तो पूर्णपणे खाण्याचा सण आहे. पाऊलवाट ताईंनी लिहिलेले पुरेपेचांचे वर्णन वाचून वाटले की आमच्या पिबाविषयी कोणीतरी लिहायला हवे.

पिब म्हणजे जमिनीतली भट्टी, आणि तिच्यात भाजला जातो तो मोठा तामाल. त्यालाही लोक पिबच म्हणतात. आदल्या दिवशीच परसात कमरेएवढा खड्डा खणतात. पहाटे त्यात लाकडे पेटवून वर दगड रचतात आणि दगड पांढुरके होईपर्यंत तापवतात. तोवर स्वयंपाकघरात मक्याच्या पिठात चरबी आणि ताज्या चवळीसारखे काळे दाणे मळून ठेवलेले असतात, आणि अचिओतेच्या बियांनी लालभडक झालेला कोंबडीचा दाट रस्सा तयार असतो. केळीची पाने विस्तवावरून फिरवून मऊ करतात, त्यावर पिठाचा तळहाताएवढा जाड थर थापतात, मध्ये कोंबडी व रस्सा भरतात, वरून पिठाचेच झाकण घालून पाने दुमडतात आणि सुतळीसारख्या सालीने बांधतात. ही बांधाबांध सासूबाई दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत, कारण एक फट राहिली की रस्सा दगडांवर गळतो आणि सगळ्या खड्ड्याला करपट वास लागतो. मग पुडे तापल्या दगडांवर ठेवून वर पाने, पत्रा आणि माती. बाहेर काढल्यावर पानाची कड काळी पडलेली असते, पीठ वरून कुरकुरीत आणि आतून मऊ झालेले असते, आणि त्याला मातीचा व धुराचा वास असतो. शहरात आता पुष्कळ लोक पुडे बेकरीत भाजायला देतात. सासूबाईंच्या मते ते पिब नव्हेच.

पहिला पुडा वेदीवर जातो. ज्यांना कोणी उरले नाही अशा एकाकी आत्म्यासाठी वाटीभर अन्न दाराबाहेर टांगतात, आणि ते विसरलेले चालत नाही. लहान मुलांच्या मनगटाला लाल किंवा काळा दोरा बांधतात, म्हणजे आलेले आत्मे त्यांना बरोबर नेणार नाहीत. आठवड्याने परत थोडे अन्न मांडून त्यांना निरोप देतात.

कांपेचे राज्यातील पोमुच या गावाविषयीही लिहायला हवे. तिथे पुरल्यावर साधारण तीन वर्षांनी अस्थी बाहेर काढून लाकडी पेटीत ठेवतात, आणि दरवर्षी सणाच्या आधी घरचे लोक त्या पेटीतील एकेक हाड ब्रशने व फडक्याने पुसून, भरतकाम केलेले नवे कापड अंथरून परत रचतात. कवटी सर्वांत वर ठेवतात. पाहणाऱ्याला धसका बसतो, पण पुसणाऱ्या बाई मात्र आपल्या आईशी बोलावे तसे बोलत असतात. यंदा कापड कोणी भरले, कोणाचे लग्न ठरले, हे सगळे त्या अस्थींना सांगितले जाते.

ओढ्याकाठी

केतकी, पिबाचे वर्णन वाचून पोटात कावळे ओरडू लागले. फोटो असल्यास टाकावा.

रिंगण

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु धागाकर्तीने हसण्याला जरा घाईने बाहेर काढले आहे, असे मला वाटते. पूर्वेकडील वास्तेका प्रदेशात, म्हणजे वेराक्रूस, इदाल्गो आणि सान लुईस पोतोसी या राज्यांच्या सीमाभागात, नाहुआ आणि तेनेक लोक शान्तोलो साजरा करतात. तिथे मुखवटे घातलेले नर्तकांचे ताफे गावभर फिरतात. पुरुषच म्हातारे होतात, पुरुषच बायकांचे कपडे घालून गरोदर बाई किंवा विधवा होतात, आणि चावट विनोद करीत व्हायोलिन व गिटारीच्या तालावर नाचतात. मुखवटा घातला की मृत्यूला माणूस ओळखू येत नाही, अशी समजूत आहे. काही गावांत हे सोंग थेट ३० नोव्हेंबरला, सेंट अँड्र्यूच्या दिवशी, मुखवटे उतरवून संपते. हे हसणेच आहे आणि ते शहरी चित्रकारांकडून आलेले नाही.

पाऊलवाट

रिंगण, शान्तोलोचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मात्र तो ताफा घरोघर नाचतो तेव्हा प्रत्येक घर त्याला जेवू घालते, आणि नाचणारा पुष्कळदा नवस बोलून किंवा गावाला शब्द देऊन त्यात उतरलेला असतो. तिथले हसणेही कोणाकडे तरी सोपविलेले काम आहे. मृत्यूची पर्वा नसलेल्या माणसाचे ते हसणे नाही. मृत्यूला चकवायचे म्हणून हसणारा माणूस त्याला चांगलाच भीत असणार.

चिकित्सक_अण्णा

शेवटचे वाक्य पटले.

तांबडमाती

सगळे वाचले. पण पर्यटक या रीतींची वाट लावत आहेत, त्याचे काय? हानित्सिओ बेटाविषयी जे ऐकतो ते फारसे बरे नाही.

पाऊलवाट

हानित्सिओ हे पात्स्क्वारो सरोवरातील बेट आहे आणि १ नोव्हेंबरच्या रात्री तिथे होड्यांची अखंड ये-जा असते. कबरींच्या ओळींतून लोक कॅमेरे उंच धरून चालतात, तर खाली चादरी पांघरून बसलेल्या बायका त्यांच्याकडे न पाहता मेणबत्त्यांची वात नीट करीत राहतात. फुलपाखराच्या पंखांसारख्या जाळ्या घेऊन होड्यांतून येणारे कोळी आता मासे पकडण्यापेक्षा पाहुण्यांसाठी ते करतात. यात सरकारचा हातही आहे. पलीकडच्या त्सिन्त्सुन्त्सान गावातील कबरींपाशी होणाऱ्या रात्रीच्या जागराला पर्यटन खात्याने १९७० च्या दशकात पद्धतशीर प्रसिद्धी दिली, आणि त्यानंतर तिथे नाटके, नृत्ये, विक्रीची दुकाने आली.

पण याची दुसरी बाजू गावकऱ्यांकडूनच ऐकली. कुंभार आणि विणकर यांची वर्षातील मोठी विक्री याच आठवड्यात होते, आणि त्या पैशातूनच पुष्कळ घरांची वेदी उभी राहते. बाहेरच्या गर्दीने दफनभूमी भरली तरी घरातले देणेघेणे तिच्यापासून वेगळे चालू राहते, कारण त्या टोपलीचा हिशोब पर्यटकाला दिसतच नाही. मला चीड येते ती मालकी सांगणाऱ्यांची. डिस्ने कंपनीने २०१३ साली आगामी चित्रपटासाठी या सणाचे नावच व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्याचा अर्ज केला होता आणि मोठा विरोध झाल्यावर तो मागे घेतला.

सिएरा_नेवाडा

मी कॅलिफोर्नियात राहतो, म्हणून इथली बाजू मांडतो. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात सेल्फ हेल्प ग्राफिक्स या कलासंस्थेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा सण सार्वजनिकरीत्या साजरा करायला प्रारंभ केला. कॅरन बोक्कालेरो नावाच्या फ्रान्सिस्कन जोगिणीचा या संस्थेच्या स्थापनेत मोठा वाटा होता. अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या हक्कांसाठी झालेल्या चिकानो चळवळीचा तो काळ होता आणि ज्यांच्या आईवडिलांनी शाळेत मार खाऊन स्पॅनिश सोडले, अशा पिढीला आपले काहीतरी हवे होते. त्यातील अनेकांनी गावातला सण पाहिलेलाही नव्हता. आजोबांची कबर सीमेपलीकडे असल्यामुळे वेदी घरातून रस्त्यावर, उद्यानात, कलादालनात आली, आणि मग ती फक्त आपल्या माणसांची राहिली नाही. सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने गेलेल्यांसाठी वेदी मांडल्या गेल्या. सीमा ओलांडताना वाळवंटात मेलेल्या अनामिकांसाठीही मांडल्या जातात. पिसांचे मुकुट घालून नाचणारे अॅझ्टेक नर्तक इथल्या सणांत हमखास असतात, जे पाऊलवाट ताईंच्या गावांत बहुधा दिसणार नाहीत.

अलीकडे मेक्सिकोतील ओआहाका राज्यातून आलेले सापोतेक आणि मिश्तेक शेतमजूरही इथे मोठ्या संख्येने आहेत आणि ते आपापल्या गावच्या रीतीने वेदी मांडतात. एकाच उद्यानात चळवळीतून आलेला सण आणि गावातून आलेला सण शेजारी शेजारी बसतो. मला दोन्ही खरे वाटतात, पण अन्न वाटण्याचे काम दुसऱ्या प्रकारच्या वेदीपाशीच जास्त होते, हे निरीक्षण या धाग्यामुळे नोंदवावेसे वाटले.

बाभूळबन

अवांतर: झेंडू मूळचा मेक्सिकोचा, हे मला आजच कळले. दसऱ्याला दारावर जे तोरण लावतो त्याचे फूल तिकडे मृतांना वाट दाखवायला अंथरतात, हे आजीला सांगितले तर ती यंदा तोरणच लावू देणार नाही, म्हणून सांगणार नाही. कोंबड्याची गडद लाल फुलेही तिथे कबरींवर वाहतात असे वाचले; ते खरे आहे का?

पाऊलवाट

खरे आहे. झेंडूच्या पिवळ्या-केशरी राशीत कोंबड्याची लाल फुले सर्रास दिसतात, आणि मधून पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके घालतात.

तांबडमाती

शेवटचा प्रश्न. पुढल्या वर्षी कामानिमित्त ऑक्टोबरअखेर मेक्सिको सिटीत असणार आहे. ओळखपाळख नसताना एखाद्या घरी जाणे योग्य दिसेल का, आणि जायचे तर कुठे?

पाऊलवाट

मिरवणूक सोडून द्यावी आणि मोरेलोस राज्यातील ओकोतेपेक येथे जावे. ते कुएर्नावाका शहराला लागून आहे आणि राजधानीहून बसने दीड-दोन तासांत पोहोचता येते. वर्षभरात ज्यांच्या घरी मृत्यू झाला, ते लोक टेबलावर त्या माणसाचे नवे कपडे, टोपी, पायताण असे मांडतात की ते माणूसच आडवे झाले आहे असे वाटावे, आणि दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट काढतात. १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी अनोळखी माणसालाही आत घेतात. मात्र रिकाम्या हाताने जाऊ नये. प्रत्येक घरासाठी एक मेणबत्ती न्यावी, ती घरच्या माणसाच्या हातात द्यावी, वेदीपुढे दोन मिनिटे उभे राहावे, आणि पुढे केलेला तामाल व गरम पेय नाकारू नये. पोट भरले असल्यास तामाल बरोबर घेतला तरी चालतो. छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये, आणि विचारायचेच असेल तर खाऊन झाल्यावर विचारावे. लांब, पांढऱ्या मेणबत्त्या कुएर्नावाकाच्या बाजारात सकाळीच घेऊन ठेवाव्यात, कारण संध्याकाळी गावाच्या तोंडाशी त्याच दुप्पट भावाने मिळतात.